साडेबारा गुणिले साडेदहा: अकरा चौरस फूट गेले कुठे?

विद्यार्थिनी सहावीतली, मराठी माध्यमाची. शाळा मुंबईच्या परळ-नायगाव पट्ट्यातली. वर्गातली बरीच मुलं चाळीत राहतात, काही सरकारने बांधलेल्या जुन्या बीडीडी चाळींमधली. तिथे एका कुटुंबाची खोली १६० चौरस फुटांची, आणि पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार हे घरोघरी बोललं जातं. त्यामुळे 'चौरस फूट' आणि 'कार्पेट' (घराच्या आतली वापरायची जागा) हे शब्द पुस्तकाच्या आधीच मुलांच्या तोंडी येतात. अपूर्णांकांच्या गुणाकाराचा पाठ सुरू करताना मी याच गोष्टीचा आधार घेतला. घरून खोलीची लांबी-रुंदी टेपने मोजून आणायची आणि क्षेत्रफळ काढायचं, एवढाच गृहपाठ होता.

या मुलीची खोली साडेबारा फूट लांब आणि साडेदहा फूट रुंद भरली. वहीत तिने असं लिहिलं होतं:

१२ १/२ × १० १/२ = १२० १/४ चौरस फूट

अक्षर नीटनेटकं, खाली रेघ मारलेली, एकही खाडाखोड नाही. खरं उत्तर १३१ १/४. वर्गातल्या आणखी काही वह्यांमध्येही हाच प्रकार होता, पण मी हीच वही निवडली, कारण ही मुलगी गणितात चांगली आहे. पाढे पक्के, भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज बिनचूक. अशा मुलीचं उत्तर चुकतं तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी विचार असतो, आणि तो आधी ऐकून घ्यावा लागतो.

मी तिला एवढंच म्हटलं, "कसं केलंस ते सांग."

"बाई, बारा दाहे एकशे वीस. अर्धा गुणिले अर्धा पाव. म्हणून एकशे वीस पूर्णांक पाव."

दोन्ही गुणाकार बरोबर आहेत. अर्ध्याचा अर्धा पाव, हे सहावीतल्या पुष्कळ मुलांना सांगता येत नाही, ते तिने न अडखळता सांगितलं. पूर्णांकाला पूर्णांकाने गुणायचं आणि अपूर्णांकाला अपूर्णांकाने, ही रीत तिला कोणी शिकवलेली नाही. ती तिने बेरजेवरून उचलली आहे. पाचवीपासून पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या बेरजेत ती हेच करत आली: साडेबारा अधिक साडेदहा, बारा आणि दहा बावीस, अर्धा आणि अर्धा एक, झाले तेवीस. तिथे ही रीत दर वेळी बरोबर उत्तर देते. जी रीत वर्षभर उपयोगी पडली, ती पुढच्या पाठातही लावून बघावी असं मुलाला वाटणं हे समजदारपणाचंच लक्षण आहे. म्हणून अशा उत्तरावर नुसती लाल फुली मारून खाली 'आधी अंशाधिक करा' (म्हणजे अंश छेदाहून मोठा असलेल्या अपूर्णांकात लिहा, जसं १२ १/२ चे २५/२) असं लिहिणं मला पटत नाही. मूल पुढच्या वेळी अंशाधिक करील आणि उत्तरही बरोबर येईल, पण आपली रीत का बिघडली हे त्याला कळलेलं नसेल. पुढे बीजगणितात (a + b)(c + d) समोर आलं की तेच मूल ac + bd लिहून मोकळं होईल.

मी तिला दुसरं गणित दिलं. "खोली साडेबारा नाही, नुसती बारा फूट लांब आहे असं समज. रुंदी तीच, साडेदहा. आता किती?"

तिने थोडा विचार केला. इथे एकीकडे अपूर्णांकच नव्हता, त्यामुळे 'अपूर्णांकाला अपूर्णांकाने' ही रीत चालेना. ती म्हणाली, "साडेदहा बारा वेळा. बारा दाहे एकशे वीस, आणि बारा अर्धे सहा. एकशे सव्वीस."

"बरोबर. आता दोन्ही उत्तरं एकाखाली एक लिही."

बारा फूट लांबीची खोली १२६ चौरस फूट. साडेबारा फूट लांबीची १२० १/४. ती बघत राहिली. शेजारचा मुलगा बोलून गेला, "मोठी खोली छोटी झाली!" तिने त्याला हाताने गप्प केलं आणि पेन्सिल उचलली. त्या क्षणी तिला मी काही सांगण्यापेक्षा ती दोन उत्तरं जास्त सांगत होती. आपलं आधीचं उत्तर चूक आहे हे तिला स्वतःला दिसलं होतं. कुठे चुकलं ते मात्र अजून दिसलं नव्हतं.

यानंतर आलेखाचा कागद. एक चौकोन म्हणजे एक चौरस फूट. तिने १२ १/२ बाय १० १/२ चा आयत काढला. बारा फुटांवर एक उभी रेघ, दहा फुटांवर एक आडवी. खोलीचे चार तुकडे झाले. मोठा तुकडा १२ × १०, म्हणजे १२०. एका कडेला अर्ध्या फुटाची लांबट पट्टी, १२ × १/२, म्हणजे ६. दुसऱ्या कडेला १/२ × १०, म्हणजे ५. आणि कोपऱ्यात १/२ × १/२, म्हणजे १/४. तिच्या उत्तरात मोठा तुकडा होता, कोपऱ्यातला चिमुकला तुकडा होता, दोन्ही पट्ट्या राहिल्या होत्या. सहा आणि पाच, अकरा चौरस फूट. आमच्या भागात अकरा चौरस फूट म्हणजे चाळीतली एक मोरी. मुलांना ते वेगळं समजावावं लागलं नाही.

चौघांची बेरीज तिनेच केली: १२० + ६ + ५ + १/४ = १३१ १/४.

कोपऱ्यातल्या त्या तुकड्यापाशी मी मुद्दाम थांबले. तिला 'अर्धा गुणिले अर्धा पाव' येत होतं, पण हा पाव कशाचा, हे पक्कं करायचं होतं. मी वर्गाला विचारलं, "पाव चौरस फुटाचा चौकोन कापायचा, तर बाजू किती घ्याल?" बऱ्याच जणांनी सांगितलं, तीन इंच. पाव फूट म्हणजे तीन इंच, मग पाव चौरस फूट म्हणजे तीन बाय तीन. वाटतं साधं, पण इथे फार मुलं घसरतात. आम्ही वर्तमानपत्राचा एक फूट बाजूचा चौरस कापला, बारा बाय बारा इंच, म्हणजे १४४ चौरस इंच. तो उभा आणि आडवा असा दोनदा दुमडला. घडी सहा बाय सहा इंचांची झाली, ३६ चौरस इंच. ३६ चोक १४४, म्हणजे हाच पाव. मग तीन बाय तीनचा तुकडा कापून त्यावर ठेवला: ९ चौरस इंच. तसे सोळा लागतात, म्हणजे तो सोळावा भाग. पाव गुणिले पाव म्हणजे एक छेद सोळा, हे मुलांनी कागद हातात धरून पाहिलं. मग एकाने विचारलं, "बाई, एक फूट लांब आणि तीन इंच रुंद पट्टी कापली तर?" तीही ३६ चौरस इंच, म्हणजे तीही पावच. आकार वेगळा, क्षेत्रफळ तेच. हा प्रश्न माझ्या पाठात नव्हता, पण फार मोलाचा होता, आणि त्यासाठी गेलेली वेळ सत्कारणी लागली असं मी मानते.

आता मुलीचे वडील. ते लादी बसवण्याचं काम करतात. एका दुपारी ते शाळेत काही कागदपत्रांसाठी आले होते, तेव्हा मी त्यांना वही दाखवली. चुकीची तक्रार म्हणून दाखवली नाही, खोलीचं माप बरोबर आहे का एवढंच विचारायचं होतं. त्यांनी माप पाहिलं, ओठांतल्या ओठांत म्हटलं, "साडेबारा दाहे सव्वाशे. वर अर्धा फूट. साडेबाराचे अर्धे सव्वासहा. एकशे सव्वाएकतीस," आणि वही परत दिली. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. मुलगी शेजारीच उभी होती.

"पप्पा, तुम्ही दोनच तुकडे केलेत," ती म्हणाली.

तिने हे ओळखलं याचा मला मनापासून आनंद झाला. वडिलांनी साडेबारा फोडलेच नाहीत, फक्त साडेदहा फोडले: दहा आणि अर्धा. १२ १/२ × १० = १२५ आणि १२ १/२ × १/२ = ६ १/४. दोन तुकड्यांत काम झालं. तिने दोन्ही संख्या फोडल्या होत्या म्हणून तिचे चार तुकडे झाले. दोन करा, चार करा, एकही तुकडा सुटता कामा नये. वितरणाचा नियम म्हणतात तो हाच, फक्त पप्पांनी तो त्या नावाने कधी ऐकलेला नाही.

त्यांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी दुसऱ्या दिवशी वर्गात वापरली. दोन बाय दोनच्या लाद्यांची पेटी चार लाद्यांची असते, म्हणजे एका पेटीत १६ चौरस फूट. मुलीच्या आधीच्या उत्तराप्रमाणे, १२० १/४ साठी आठ पेट्या पुरतात: १२८ चौरस फूट, थोडी उरूनही. प्रत्यक्षात लागतात १३१ १/४, म्हणजे आठ पेट्यांत सव्वातीन चौरस फूट जमीन उघडी राहणार. कापताना तुटणाऱ्या लाद्या धरल्याच नाहीत. नववी पेटी आणायला पुन्हा दुकानात जायचं, आणि त्याच छटेची लादी मिळेल याची खात्री नाही. हे ऐकल्यावर मुलांना चूक कुठे महागात पडते ते कळलं.

लादीवाल्यांच्या हिशेबात आणखी एक खोच आहे, तीही सांगून टाकते. दहा फूट सहा इंच हे काही जण कागदावर १०.६ असं लिहितात. त्यांना त्यातून काय म्हणायचं ते माहीत असतं. मुलाने मात्र ते तसंच कॅल्क्युलेटरवर घातलं तर १२.६ × १०.६ = १३३.५६ येतं, आणि हेही चूकच. सहा इंच म्हणजे फुटाचे सहा दशांश नव्हेत, फुटाचा अर्धा. आमच्या वर्गात दोन वह्यांमध्ये हे सापडलं. त्याचा इलाज वेगळा आहे, तो इथे लिहीत नाही.

तुकड्यांची रीत पक्की झाल्यावर मी पुस्तकातल्या रीतीकडे वळले: पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचं अंशाधिक अपूर्णांकात रूपांतर करायचं, अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणायचं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अपूर्णांकांच्या गुणाकाराचा नियम असाच सांगितला आहे, अंशांच्या गुणाकाराला छेदांच्या गुणाकाराने भागा म्हणून. नियम इतका आटोपशीर आहे की मुलं तो पटकन पाठ करतात, आणि म्हणूनच तो कुठून आला हे विचारायचं राहून जातं. आम्ही पुन्हा त्याच खोलीत गेलो.

"समजा लाद्या अर्ध्या फुटाच्या आहेत, सहा बाय सहा इंचांच्या. लांबीला किती बसतील?"

साडेबारा फुटांत अर्ध्या फुटाच्या पंचवीस. हेच २५/२. साडेदहात एकवीस, म्हणजे २१/२. पंचवीस लाद्यांच्या एकवीस रांगा, एकूण ५२५ लाद्या. अशा चार लाद्या मिळून एक चौरस फूट. ५२५ भागिले ४, १३१ पूर्णांक १/४.

अंशांचा गुणाकार म्हणजे छोट्या लाद्या मोजणं. छेदांचा गुणाकार म्हणजे एका चौरस फुटात अशा किती लाद्या बसतात ते मोजणं. अंशाधिक का करायचं? कारण सगळी लांबी एकाच मापाच्या, अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या तुकड्यांत मोजली की बारा वेगळे आणि अर्धा वेगळा अशी फाळणी उरत नाही, आणि पट्ट्या सुटण्याचा प्रश्नच येत नाही. ही जोडणी झाल्याशिवाय नियम फळ्यावर लिहायचा नाही, एवढा माझा आग्रह आहे.

छेद वेगळे असले तर? २ १/३ × १ १/२ घेतलं. सवयीने बऱ्याच मुलांनी आधी लसावि काढून छेद समान केले: १४/६ × ९/६. यात चूक काहीच नाही. १२६/३६ होतात, आणि ते ३ १/२ च. फक्त लांबचा रस्ता. धोका पुढे आहे: समान छेद दिसला की काही मुलं बेरजेसारखा तोच छेद खाली ठेवतात, १२६/६, आणि उत्तर येतं २१. अडीचाहून लहान संख्येला दिडाने गुणून एकवीस! म्हणून गुणाकार सुरू करण्याआधी अंदाज घ्यायची शिस्त आम्ही लावली. २ १/३ × १ १/२ म्हणजे २ × १ पेक्षा जास्त आणि ३ × २ पेक्षा कमी, दोन आणि सहाच्या मधे कुठेतरी. एकवीस तिथे बसत नाही. साडेबारा गुणिले साडेदहा १२० पेक्षा बरंच जास्त असायला हवं, कारण नुसत्या बारा फुटांनाच १२६ होतात. अंदाज चूक पकडतो, ती कुठे झाली ते सांगत नाही, पण पकडणं हेच निम्मं काम.

आलेखाच्या कागदावर २ १/३ × १ १/२ काढलं की छोटे तुकडे चौरस राहत नाहीत. ते एक तृतीयांश लांब आणि अर्धा रुंद असे आयत होतात, आणि एका एककात सहा बसतात. लांबीला सात, रुंदीला तीन, एकूण एकवीस. २१/६, म्हणजे ३ १/२. लसावि लागलाच नाही.

त्याच आठवड्यात उभ्या गुणाकाराचा एक धागा अनपेक्षितपणे हाती लागला. २३ × १४ मुलं तिसरी-चौथीपासून करतात. कोणीही २० × १० = २०० आणि ३ × ४ = १२ मिळवून २१२ लिहीत नाही, कारण उभ्या मांडणीत वरच्या प्रत्येक अंकाला खालच्या प्रत्येक अंकाने गुणायची सवय हाताला लागलेली असते. खरं उत्तर ३२२. मधले ८० आणि ३० सुटले की २१२ होतात. मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा आमच्या विद्यार्थिनीने लगेच हात वर केला: "बाई, हे माझ्यासारखंच आहे. दोन पट्ट्या राहिल्या." पूर्ण संख्यांमध्ये तिने ही चूक कधीच केली नव्हती, पण ती का होत नाही हे तिला आत्ता दिसलं.

घरून एक छान भर पडली. तिच्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अजून येतात. औट म्हणजे साडेतीन. हे पाढे एके काळी शाळेत इतर पाढ्यांसारखेच घोकून घेत, कारण व्यवहारच तसा होता: रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै, आणि पाव-निम्म्याचे हिशेब रोजचे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-मीटर आले, आणि हे पाढे मागे पडले. आजीला अडीच सात विचारलं की साडेसतरा लगेच येतात. अडीच साडेतीन विचारलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या: "अडीच त्रिक साडेसात, आणि अडीचाचे अर्धे सव्वा. पावणेनऊ." हीही तुकड्यांची रीत. मुलगी हे सगळं वहीत लिहून घेऊन आली आणि शेजारी आयत काढून आणला, ६ + १ + १ १/२ + १/४.

पुढच्या चाचणीत मी ३ ३/४ × २ २/३ दिलं. पूर्णांकाला पूर्णांकाने, अपूर्णांकाला अपूर्णांकाने या आधीच्या चुकीच्या रीतीने त्याचं उत्तर ६ १/२ येतं, त्यामुळे कोण अजून तिथेच आहे ते लगेच कळतं. तिने आधी समासात लिहिलं, '६ आणि १२ च्या मधे'. मग १५/४ × ८/३, पंधरा आणि तीनला तीनने छेद दिला (म्हणजे दोघांना तीनने भागलं), आठ आणि चारला चारने, आणि उत्तर १०. खाली न सांगता पडताळा: ६ + २ + १ १/२ + १/२ = १०.

सगळ्यांचं असं झालेलं नाही. वर्गातला एक मुलगा अंशाधिक करून दर वेळी अचूक उत्तर काढतो, पण आयत काढायला सांगितला की गोंधळतो, आणि अंदाज विचारला की उत्तर काढूनच सांगतो. त्याला गुण पूर्ण मिळतात. त्याच्याबरोबर मी कागद दुमडण्यापासून पुन्हा सुरुवात केली आहे, पूर्णांक बाजूला ठेवून, नुसत्या ३/४ × २/३ पासून. गुणाकार केला आणि उत्तर दोन्ही संख्यांपेक्षा लहान कसं आलं, हे त्याला अजून खटकतं, आणि त्याने ते मोकळेपणाने विचारलं. पाऊण फूट रुंद कागदाचे दोन तृतीयांश घेतले तर तो अर्धा फूट उरतो, इथपर्यंत तो आला आहे.

दुसरी अडचण छेद देण्याची. गुणाकारात तिरका छेद देता येतो हे कळल्यावर काही मुलं बेरजेतही तो देऊ लागली: १५/४ + ८/३ मध्ये पंधरा आणि तीन कापून टाकायचे. त्यांना मी दोन्ही गणितं शेजारी लिहायला लावते आणि अंदाज विचारते. पावणेचार आणि दोन पूर्णांक दोन तृतीयांश यांची बेरीज सहाच्या पुढे असायला हवी. कापाकापी करून ५/१ + २/१ केलं की सात येतात, आणि खरी बेरीज ६ ५/१२. सात ही संख्या जवळची वाटते, म्हणून नुसत्या अंदाजाने ही चूक पकडली जात नाही. त्यासाठी संख्या बदलून बघावी लागते: १/२ + २/३ मध्ये दोन कापले तर १/१ + १/३ होतात, म्हणजे अर्ध्याचा एक झाला आणि दोन तृतीयांशाचा एक तृतीयांश. हे पुढच्या आठवड्याच्या कामात घेतलं आहे.